रविवारचा फोन आणि मधलं बटण

बुधवार, सकाळचा चहा झाल्यावर

चि. ठकूस आजीचे पोटभर आशीर्वाद.

तुझी तब्येत कशी आहे? खोकला गेला का? मागच्या फोनला तू गेला म्हणालीस, पण म्हणता म्हणता मध्ये एकदा खोकलीस, म्हणून परत विचारते. तुझ्या कामावरच्या मोठ्या बाईंना माझा नमस्कार सांग (त्या मला ओळखत नाहीत हे मला ठाऊक आहे, पण नमस्काराला ओळख कशाला लागते), आणि तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीला सांग की ओल्या केसांनी झोपू नये. दोघी वेळेवर जेवता असं धरून चालते. मी इकडे अगदी मजेत आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याचं मी ऐकणं सोडून दिलंय, त्यामुळे तोही आता कमी बोलतो. जिन्यातला दिवा परत गेला. वरच्या मजल्यावरची माणसं घर सोडून गेली, त्यांच्या मुलाचं चेंडू आपटणंही गेलं. पूर्वी त्या आवाजाने डोकं उठायचं, आता चार वाजले की मी आपली छताकडे बघते.

तू म्हणशील, घरात कॉम्प्युटर असताना आजी कागद कशाला खराब करते. तर बाई, मला कॉम्प्युटरबद्दलच सांगायचं आहे, आणि त्याच्यासमोर बसून त्याच्याविषयी बोलणं मला बरं वाटत नाही. शिवाय फोनवर मी 'त्याचं असं झालं' म्हणते न म्हणते तोवर तू 'बरं मग' म्हणतेस. कागद तसं म्हणत नाही. माझी शाळा तिसरीत सुटली, तेव्हा अक्षर तिसरीतलं आहे, पण मजकूर मोठ्या माणसाचा आहे असं समजून वाच.

मुद्दा आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच तुला काम आलं तरी हरकत नाही. तुझा फोन मी कापत नव्हते. मधलं बटण कापत होतं. ते बटण आता सुधारलं आहे, तेव्हा पंधरवड्याने बोलायचं जे तू ठरवलंस ते मोडावं आणि पूर्वीसारखा दर रविवारी फोन करावा. एवढंच पत्र आहे. बाकीचा सगळा त्याचा पुरावा.

तू कॉम्प्युटर पाठवलास त्याबरोबर मोठ्या अक्षरात एक कागद पाठवलास, तो मी खिडकीशेजारी चिकटवला आहे. त्यावर पहिलंच वाक्य आहे, पहिल्या बोटाने डावं बटण दाबायचं. आता पहिलं बोट आणू कुठून? सव्वीस वर्षं मी शर्टांच्या कारखान्यात काजं करायच्या मशीनवर बसले. एके दिवशी सुई बोटातून आरपार गेली, आणि मी ओरडायच्या आधी आमचा सुपरवायझर ओरडला, कारण शर्ट पांढरा होता. तेव्हापासून ते बोट ताठच्या ताठ. कुणाचं घर कुठे ते दाखवायचं असलं तर झकास दाखवतं, पण दाबायला वाकत नाही. मग माउसवर हात ठेवला की त्याच्या शेजारचं बोट पुढे येतं, आणि ते बरोब्बर मधल्या चाकावर पडतं. ते चाक फिरतं हे तू कागदावर लिहिलं होतंस. ते दाबलंही जातं, हे तू लिहिलं नव्हतंस. (दोष देत नाही. तुलाही सगळं कुठून ठाऊक असणार, तुझी सगळी बोटं धड आहेत.)

त्यात माझी वाचायची एक पद्धत आहे. आमच्या शाळेतल्या बाईंनी शिकवलं होतं, शब्दाखाली बोट ठेवायचं, शब्द वाचायचा, आणि वाचून झाला की बोट जरा दाबायचं, म्हणजे शब्द पक्का होतो. तीन वर्षांत त्यांनी जेवढं शिकवलं तेवढं मी अजून पाळते. कागदावर असं दाबलं तर कागदाचं काही जात नाही. औषधाच्या बाटल्या, दारावरच्या पाट्या, बसचे नंबर, सगळं मी असंच दाबून वाचत आले, कुणी तक्रार केली नाही. पडद्यावर मात्र बोटाच्या जागी तो बाण. तो शब्दाखाली नेते, शब्द वाचते आणि दाबते. झालं. इथून पुढचं सगळं महाभारत या दाबण्यातून आहे.

या मधल्या बटणाला तीन स्वभाव आहेत. तुझे आजोबाही तसेच होते, बसमध्ये कंडक्टर म्हणून एक, घरात एक, आणि माझ्या माहेरी गेले की तिसरेच. पण त्यांचं तोंड बघून कुठला चालू आहे ते कळायचं. बटणाला तोंड नाही. पहिला स्वभाव रिकाम्या जागेवरचा. दोन ओळींच्या मध्ये चुकून दाबलं की तिथे एक वाटोळं चिन्ह उमटतं, वर एक टोक, खाली एक टोक, आणि मग माउस जरा हलला की सगळं पान धावत सुटतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बातमी वाचत होते, तुझ्या गावातल्या पुलाची, आणि पूल, पुलावरचे मंत्री, त्यांच्यामागची माणसं, खालच्या जाहिराती, सगळे भराभर वर निघून गेले. मी टेबल धरलं. टेबल धरून काही होत नाही हे नंतर कळलं, पण त्या वेळी हाताला दुसरं काही सुचलं नाही. मग डोळे मिटून बसले, म्हटलं थांबायचं तेव्हा थांबेल. उघडले तर पानाच्या तळाशी एकदम शांतता, आणि तिथे बारीक अक्षरात लिहिलेलं, आमच्याशी संपर्क साधा. मी कसा साधणार, मला तर पुलाचं काय झालं तेच कळलं नव्हतं.

दुसरा स्वभाव निळ्या अक्षरांचा. निळ्या अक्षरावर दाबलं की दुसरं पान उघडतं असं तू लिहिलं होतंस. मी दाबलं, समोर काहीच झालं नाही. परत दाबलं, जोर लावून दाबलं, थोडं गोडीनेही दाबून पाहिलं. नाही म्हणजे नाही. वाटलं निळी अक्षरं म्हाताऱ्या माणसांना दाद देत नसतील. नंतर उलगडा झाला की मधल्या बटणाने दाबलं तर पान उघडतं, पण गुपचूप मागे उघडतं, आणि त्याची फक्त एक चिठ्ठी वरच्या पट्टीवर जाऊन चिकटते. (चिठ्ठी हा माझा शब्द. त्याला टॅब म्हणतात, पण मला चिठ्ठी बरा वाटतो, कारण दिसते तशीच.) आणि मी काय बघत होते? मी रोज सकाळी तुझ्या गावचं हवामान बघते. तुझ्याकडे सोळा अंश असलं की मी इकडे शाल घेते, माझ्याकडे ऊन असलं तरी. तर आठवडाभरात तुझ्या गावच्या हवामानाच्या एक्केचाळीस चिठ्ठ्या वर जमल्या होत्या, इतक्या बारीक की नुसत्या रेघा दिसत होत्या. कॉम्प्युटर धापा टाकायला लागला, त्याचा पंखा असा फिरे की खोलीत कुणीतरी आहे असं वाटे. खरं सांगते, मला ते आवडलं होतं. दुपारी त्याच्या शेजारी बसून मी भाजी निवडायची.

तिसरा स्वभाव सगळ्यात वाईट. चिठ्ठीवरच दाबलं की चिठ्ठी नाहीशी. तिच्यामागे जे असेल तेही गेलं. आता तूच बघ. तू फोन करतेस तेव्हा वेगळी खिडकी उघडते आणि तिच्या वरच्या चिठ्ठीवर तुझं नाव येतं. फोन घ्यायला तू कीबोर्डवरच्या एका मोठ्या बटणावर लाल कागद चिकटवून दिलास, ते मी बरोबर दाबते, तिथे माझी चूक कधी झाली नाही. तुझं तोंड दिसतं. तू बोलायला लागतेस. मी ऐकते, पण डोळा वरच्या चिठ्ठीकडे जातो, कारण तिथे तुझं नाव लिहिलेलं असतं, तेही खरं नाव, आणि ते मला एका दमात वाचता येतं. मग मी बाण तिथे नेते, नाव वाचते, आणि पक्कं करते. की तू गेलीस.

पहिल्या रविवारी असं एकदा झालं, दुसऱ्या रविवारी दोनदा. तू प्रत्येक वेळी परत लावलास, ते तुझे उपकार. मला वाटलं विजेचा दोष आहे, म्हणून खालच्या मजल्यावरच्या रेडिओवाल्यांना बोलावलं. तू त्यांना पाहिलेलं नाहीस. गृहस्थ एकटेच असतात, चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले, आणि रेडिओनंतर जगात काही नवीन निघालं हे त्यांना कबूल नाही. त्यांनी आधी कॉम्प्युटरवर तीनदा फुंकर मारली. मग पाठीमागून थापट मारली. मग म्हणाले, संपर्क सैल आहे. (ते सगळ्याला हेच म्हणतात. माझ्या गुडघ्यालाही म्हणाले होते.) मी त्यांना काय काय होतं ते करून दाखवलं, तेव्हा त्यांनी स्क्रू काढून माउस उघडला, आतल्या हिरव्या पाटीकडे बराच वेळ रागाने पाहिलं, आणि चाकाखाली पुठ्ठ्याचा तुकडा घालून परत बंद केला, म्हणजे चाक दाबलंच जाऊ नये. जाताना बजावून गेले की हा पुठ्ठा जुन्या बनावटीचा आहे, मी मेलो तरी हा हलणार नाही.

तिसऱ्या रविवारी फोन एकदाही तुटला नाही. तुला आठवत असेल, तू खूश झालीस, आजी शिकली म्हणालीस. तुझं काम, मैत्रीण, खोकला, माझा गुडघा, सगळं झालं, आणि नऊ मिनिटांत फोन आटोपला. पण तो पुठ्ठा काही टिकला नाही, मधल्या आठवड्यात पडला. चौथ्या रविवारी तीनदा तुटलं. तिसऱ्यांदा परत लावलास तेव्हा तुझं तोंड उतरलं होतं, आणि तू विचारलंस, "आजी, तुला माझ्याशी बोलायचं नसतं का? तसं असेल तर सांग, मी राग नाही मानणार." मी म्हटलं, अगं नाही, माउस. तू म्हणालीस, "माउस काय माउस आजी, मागच्या आठवड्यात बरा चालला होता. आपण पंधरवड्याने बोलू, म्हणजे तुलाही ओझं नको." मी बरं म्हटलं. तोंडातून बरं निघून गेलं. बघ, सव्वीस वर्षं सुपरवायझरला बरं म्हणून म्हणून जिभेला तशी सवय लागली आहे.

मग पाचवा रविवार आला, म्हणजे हा गेलेला. फोन येणार नाही हे ठरलेलं होतं, तरी मी वेणी घातली, चांगलं स्वेटर घातलं आणि मागच्या टेबलावर दोन कप मांडले. (दर रविवारी मांडते, तुला मागे दिसावेत म्हणून. दुसरा कप रेडिओवाल्यांचा असं तुला सांगितलं होतं, पण ते चहा पीत नाहीत.) अकरा ते एक बसले. पडद्यावर थोड्या वेळाने चित्रं यायला लागतात ना, डोंगर, तळं, मग परत डोंगर, ती पाहिली. एक वाजता दोन्ही कप धुतले. कोरडेच होते, पण मांडले होते म्हणून धुतले.

सोमवारी सकाळी उठून मी वाचनालयात गेले. तिथे मी अधूनमधून जाते, मुलांच्या खोलीत बसते, कारण तिथली अक्षरं मोठी असतात आणि खुर्च्यांवरून पाय जमिनीला टेकतात. तिथल्या बाईंना मी विचारलं की मधल्या बटणाला शहाणं करायचं पुस्तक आहे का. त्या हसल्या नाहीत, हे मुद्दाम सांगते. त्यांनी सगळं विचारून घेतलं, बोट पाहिलं, वाचायची पद्धत करून दाखवायला सांगितली, आणि काल त्यांचा अर्धा दिवस होता तर घरी आल्या. आल्या आल्या त्यांनी माझ्या त्या एक्केचाळीस चिठ्ठ्या पाहिल्या आणि ह्या ठेवायच्या का असं विचारलं. मी म्हटलं नको, पण एक राहू दे.

ठकू, पुढचं नीट वाच, कारण असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा झालं. बाईंनी ब्राउझरच्या आत एक पान उघडलं, खोलात कुठेतरी, आपण कपाटाच्या मागे हात घालतो तसं. त्यात एक लहानशी जोडणी बसवली (एक्स्टेन्शन म्हणतात त्याला), आणि एक तक्ता आला. तक्त्यात मधलं बटण, आणि त्याच्यापुढे तीन ओळी, रिकाम्या जागी, निळ्या अक्षरावर, चिठ्ठीवर. प्रत्येक ओळीपुढे यादी. मग त्या हात मांडीवर ठेवून बसल्या आणि मला म्हणाल्या, "आजी, या बटणाने काय करावं असं तुम्हाला वाटतं?" मी आधी मागे वळून पाहिलं, अजून कुणी आलंय का म्हणून. कारखान्यात मशीन काय करतं ते सांगायचे आणि त्याप्रमाणे आपण करायचं. तुझे आजोबा चांगले होते, पण त्यांनीही कपाट कुठे ठेवायचं ते ठेवून झाल्यावर विचारलं. मी बाईंना म्हटलं, मला जरा वेळ द्या. उठून चहा टाकला, दोन कप, खरेखुरे. चहा उकळेपर्यंत विचार केला.

रिकाम्या जागेचं लगेच ठरलं, काही करू नको, रिकामी जागा आहे ती रिकामी राहू दे. निळ्या अक्षराचंही ठरलं, जे काय उघडायचं ते माझ्या समोर उघड, पाठीमागे नको. बाईंनी तसं निवडलं, मी दाबून पाहिलं, आणि काय सांगू, एका दाबण्यात पान उघडलं, समोर, माझ्याकडे तोंड करून. मी पुलाची बातमी शोधून पुरी वाचली. पुलाला काही झालेलं नाही, नुसता रंग दिला आहे. तू निर्धास्तपणे ये-जा कर.

चिठ्ठीच्या ओळीला मात्र मला वेळ लागला. यादी मोठी होती, बाई एकेक वाचून दाखवत होत्या, बंद कर, समोर आण, आणखी एक तशीच उघड, जागेवर चिकटवून ठेव, काही करू नको. मी म्हटलं परत वाचा. त्यांनी परत वाचलं. मग म्हणाल्या, यात एवढा विचार काय करता, नातीचा फोन तुटू नये एवढंच ना हवंय? मी म्हटलं, हो हो, तेवढंच. त्यांनी 'काही करू नको' वर खूण केली. मग एक चिठ्ठी उघडून मी तिच्यावर पंधरा वेळा दाबलं आणि पंधरा वेळा काही झालं नाही. बाई म्हणाल्या, बघा. मी म्हटलं, बघितलं. रेडिओवाले तेवढ्यात पुठ्ठ्याची चौकशी करायला वर आले होते, त्यांनीही एकदा दाबून पाहिलं आणि म्हणाले, संपर्क घट्ट झाला. त्यांना वाटतं त्यांच्या फुंकरीचा गुण आता आला. बाईंनी त्यांचा मान राखला, मीही राखला. तिघंजण होतो खोलीत. खुर्च्या कमी पडल्या म्हणून रेडिओवाले उभेच होते. साडेपाचला दोघं गेले.

तर असा हा पुरावा. बटण सुधारलं आहे, मी निर्दोष आहे, आणि मला तुझ्याशी बोलायचं नसतं असं परत म्हणशील तर मी बसने तिकडे येईन आणि तुझ्या कामावरच्या मोठ्या बाईंना सगळं पहिल्यापासून सांगेन. या रविवारी फोन कर, पुढच्याही कर, आणि त्याच्या पुढच्याही. मला ओझं होत नाही. ओझं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे, एका वेळेला चाळीस शर्ट उचललेत मी.

मैत्रिणीला केसांचं सांग.

तुझी,
दर रविवारी अकरापासून मोकळी असलेली
आजी

ता. क. निळं स्वेटर विणायला घेतलं आहे, पाठ झाली. हाताची लांबी कळव. डाव्या आणि उजव्या दोन्ही हातांची वेगवेगळी मोजून कळव, माणसाचे हात सारखे नसतात, कारखान्यात हजारो शर्ट बघून सांगते.

आणखी एक. पाकीट चिकटवायच्या आधी हे लिहिलंच पाहिजे, नाहीतर जेवण जायचं नाही. तो पुठ्ठा पडला नव्हता. रेडिओवाल्यांचा पुठ्ठा पडणारा नव्हे. मी तो केसातल्या पिनेने काढला, सोमवारी, पुढचा अख्खा आठवडा हातात असताना, म्हणजे रागाच्या भरात काढला असंही म्हणता येणार नाही. चौथ्या रविवारी जे तीनदा तुटलं ते मीच दाबलं, नाव न वाचता दाबलं. तू शांतपणे विचारलंस ना, तुला बोलायचं नसतं का, तेव्हा मी माउसचं नाव पुढे केलं ते यामुळे. अगं, सगळं उलटं आहे. फोन सरळ चालला की तू 'काय म्हणतेस आजी' म्हणून सुरुवात करतेस आणि नऊ मिनिटांत 'चल, ठेवते' म्हणून संपवतेस. यात तुझं काही चुकत नाही, मीही तुझ्या वयात आईशी दारात उभी राहूनच बोलायची. पण फोन तुटला की तू धावत परत लावतेस, आणि पडद्यावर तुझं तोंड यायच्या आधी आवाज येतो, "आजी? आहेस ना?" हे मला दुसरं कुणी विचारत नाही. वाचनालयातल्या बाई विचारतात काय हवंय, रेडिओवाले विचारतात पुठ्ठा कसा आहे. आहेस का, हे तूच विचारतेस, तेही तुटल्यावर. पहिल्या दोन रविवारी चुकून ऐकलं. मग चटक लागली.

सगळ्यात शेवटचं, आणि खरं काम हेच. बाई गेल्यावर मी एकटीने ते पान परत उघडलं. कपाटाच्या मागे हात घालावा तसं आत आत गेले, एकेक शब्द दाबून वाचला, कुठे चुकले नाही, तासभर लागला. (तिसरीपर्यंत शिकलेल्या बाईला हे जमलं, हे तुझ्या कामावर सगळ्यांना सांग.) बाकी दोन ओळी आहेत तशा ठेवल्या. चिठ्ठीपुढे मात्र 'बंद कर' वर परत खूण केली. तेव्हा या रविवारी बोलता बोलता मी गेले तर समजून जा की मीच. एकदाच करेन, शब्द देते, आणि तेही तुझं सगळं सांगून झाल्यावर. घाबरू नकोस, मी इथेच खुर्चीत असेन. पण आता तुला माहीत आहे म्हणून नुसता परत लावू नकोस. लावशील तेव्हा तेच विचार.